फिजिओथेरपी विभाग तळमजल्यावरच राहू द्या : विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
धर्मादाय रुग्णालय, ठाणे

सप्रेम नमस्कार.

आपल्या रुग्णालयाच्या सूचनाफलकावर लागलेली नवी सूचना मी गेल्या आठवड्यात वाचली. तळमजल्यावरील फिजिओथेरपी विभागाची जागा पुढील महिन्यापासून एका खाजगी तपासणी केंद्राला भाड्याने दिली जाणार आहे. विभाग दुसऱ्या मजल्यावरील तीन लहान खोल्यांत हलेल, प्रत्येक रुग्णाला वीस मिनिटे मिळतील, उपचार दहा सिटिंगच्या पॅकेजमध्ये दिले जातील आणि सकाळचा मुलांचा वर्ग व घरी जाऊन उपचार देण्याची सेवा बंद होईल, असे त्या एका पानावर लिहिले आहे. खाली सही आणि शिक्का आहे. कारण कुठेच दिलेले नाही. विभागात काम करणाऱ्यांना किंवा तिथे रोज येणाऱ्या रुग्णांना कोणी काही विचारले होते का, अशी मी चौकशी केली, तेव्हा त्यांनाही ही बातमी फलकावरूनच कळल्याचे समजले.

या पत्रात रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. जिथे माझे सगळे कामकाजी आयुष्य गेले, त्या संस्थेची बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय असे प्रस्ताव शहरातल्या इतर रुग्णालयांच्या बैठकांतही आज ना उद्या येणारच आहेत, तेव्हा तिथल्या मंडळींनीही हे वाचावे असे मला वाटते. पत्र कोणासाठी आहे हे आपण पहिल्याच ओळीत ओळखले असेल.

ऐंशीच्या दशकात मुंबईत फिजिओथेरपीचे शिक्षण पूर्ण करून मी आपल्याकडे रुजू झाले आणि विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले. मी आले तेव्हा आज जिथे व्यायामाचा हॉल आहे तिथे मोडक्या खाटा आणि ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर ठेवलेले असत. तेव्हाच्या विश्वस्तांनी ती जागा मोकळी करून दिली आणि एका भिंतीला उंच आरसा लावून दिला. पहिले पॅरलल बार, म्हणजे दोन्ही हातांनी धरून चालायच्या समांतर दांड्या, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपने पाइप कापून, वेल्डिंग करून फुकट बसवून दिले, कारण त्यांच्या फोरमनचे मोडलेले मनगट आमच्या हाताखालून जाऊन पुन्हा कामाला लागले होते. ते बार अजून तिथेच आहेत आणि अजून डगमगत नाहीत. निवृत्तीनंतरही मुलांच्या वर्गासाठी मी विनामूल्य येते. जुने रुग्ण गोखले रोडवर किंवा तलावपाळीला भेटले की थांबवून बोलतात. या आठवड्यात त्या सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, की आता आम्ही कुठे जायचे. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून प्रश्न आपल्याकडे आणला आहे.

फिजिओथेरपी म्हणजे शेक, करंट आणि थोडाफार मसाज असा समज आपल्यापैकी काही जणांचा असेल, तर त्याचे मला नवल वाटत नाही. रुग्णही पहिल्या दिवशी तसेच समजून येतात. परंतु निर्णय घेणाऱ्यांना या व्यवसायाचे मूळ ठाऊक असावे. आपल्याकडे हे शास्त्र रुजले ते पोलिओमुळे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओने मुले पांगळी होत होती, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. एकदा पोलिओ झाल्यावर तो बरा करणारे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही. जे काही हाती होते ते म्हणजे उरलेल्या स्नायूंना शिकवणे, आखडणारे सांधे रोज हाताने मोकळे ठेवणे, कॅलिपर (पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा) बसवून मुलाला उभे करणे, आणि हे सारे महिनोन्महिने न कंटाळता करत राहणे. लसीकरणामुळे २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्या काळातली मुले आज साठी-सत्तरीत आहेत, आणि इतकी वर्षे जिद्दीने चाललेल्या त्यांच्या पायांत उतारवयात नव्याने अशक्तपणा येतो, ज्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. त्यांच्यापैकी काही जण कॅलिपरचा खडखडाट करत आपल्याच दारातून आत येतात, आणि त्यांना आता आपण दुसऱ्या मजल्यावर बोलावले आहे.

माझी पहिली हरकत इथूनच सुरू होते. इमारतीत लिफ्ट एकच आहे. ऑपरेशनला जाणारे स्ट्रेचर, जेवणाच्या ट्रॉल्या, धुण्याचे गाठोडे आणि भेटायला येणारी माणसे यांची ने-आण तीच करते, आणि ती बंद पडली की दुरुस्तीवाला कधी उगवेल याची खात्री कोणीच देत नाही. अर्धांगवायूचा रुग्ण कळव्याहून रिक्षाने येतो, तेव्हा त्याला धरून आणणारी बायको बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा अंगाने लहान असते. त्या दोघांनी लिफ्टसमोर पंधरा मिनिटे उभे राहायचे, की दोन जिने चढायचे? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा इमारती वापरण्याजोग्या करा असे सांगतो. आपली जागा आज तशी आहे. ती आपण होऊन कठीण करण्याचा हा निर्णय आहे.

खोल्यांचे म्हणाल, तर त्या मी टेप घेऊन मोजून आले. म्हातारे माणूस पडण्याची शक्यता किती आहे हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. खुर्चीवरून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे, आणि आम्ही घड्याळ लावून सेकंद मोजायचे. बारा किंवा त्याहून जास्त सेकंद लागले की आम्ही सावध होतो. या चाचणीला यंत्र लागत नाही, तीन मीटर मोकळी जमीन लागते. नव्या खोल्यांत खाट आणि यंत्राची ट्रॉली ठेवल्यावर तेवढी जमीन उरत नाही. फुफ्फुसाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाची सहा मिनिटे चालण्याची चाचणी तीस मीटरच्या सरळ पॅसेजमध्ये घ्यायची असते. तळमजल्याच्या पॅसेजमध्ये आम्ही ती घेत आलो, करोनातून उठलेल्या माणसांची तर रांग लावून घेतली. दुसऱ्या मजल्यावरचा पॅसेज बाह्यरुग्णांच्या बाकड्यांनी भरलेला आहे. पॅरलल बार आणि चार पायऱ्यांचा सरावाचा जिना या खोल्यांत कुठे ठेवायचा, हे सूचनेत लिहिलेले नाही. ते भंगारात जाणार असतील तर तसे स्पष्ट लिहावे.

हॉलमध्ये आणखी एक काम होते, जे कोणत्याही रजिस्टरमध्ये नोंदले जात नाही. तिसऱ्या आठवड्यातला रुग्ण तिथे तिसऱ्या महिन्यातल्या रुग्णाला पाहतो. किसननगरच्या एका गृहस्थांचा उजवा भाग गेला होता. कारखान्यात चार माणसांवर हुकूम चालवलेला माणूस, आता बायकोने शर्टाची बटणे लावायची हेच त्यांना सहन होत नव्हते, आणि उभे करायला गेले की मान फिरवून बसत. माझ्या सगळ्या समजावण्याचा काही उपयोग झाला नाही. शेजारी चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी सरावाचा जिना चढत होत्या, त्यांचाही तोच भाग गेलेला. त्यांनी वरच्या पायरीवरून या गृहस्थांना असे काही सुनावले, की ते इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते बारला धरून उभे राहिले. पडदे लावलेल्या तीन खोल्यांत दोघांची गाठच पडली नसती. बरे होण्यातला हा भाग मला कॉलेजात कोणी शिकवला नव्हता, तो या हॉलने शिकवला. दुखणाऱ्या माणसाला तज्ज्ञाच्या शब्दापेक्षा आपल्यासारख्याच दुसऱ्या दुखणाऱ्याचे उदाहरण जास्त पटते. तशी उदाहरणे समोर असतील अशी जागा राखून ठेवणे हेही उपचाराचेच काम आहे.

दुसरी हरकत वीस मिनिटांच्या वेळेला आहे. व्हीलचेअरवरून खाटेवर घेणे, रक्तदाब पाहणे, पट्टी सोडणे, काल रात्री कसे गेले हे विचारणे, यातच त्यातली निम्मी वेळ जाते. पक्षाघातानंतर हातापायांतली सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांत. त्या काळात मेंदू दुखावलेल्या भागाचे काम दुसऱ्या भागांकडून करून घ्यायला शिकत असतो, आणि हे शिकणे केवळ पुनरावृत्तीने होते. पेला उचलणे, ठेवणे, पुन्हा उचलणे, असे एका सत्रात पाच-दहा वेळा करून भागत नाही, शेकड्याने करावे लागते. ते वेळेत बसत नाही म्हणून मग काय होते, हे मी अन्यत्र पाहिले आहे. हाताला करंटचे यंत्र लावून ठेवतात, वेळ संपल्याची घंटा झाली की काढतात, आणि रुग्णाला वाटते उपचार झाला. पहिले तीन महिने अशा रीतीने निघून गेले, तर पुढे त्यांची भरपाई करणे फार अवघड असते.

त्याहून गंभीर गोष्ट तपासणीची आहे. "मॅडम, फक्त शेक द्या, लवकर जायचंय" असे म्हणत येणारा माणूस आमच्याकडे रोजचा आहे. मुंब्र्याहून असाच एक तरुण पाठदुखी घेऊन आला होता. दोन ठिकाणी शेक घेऊन झाला होता. बोलता बोलता कळले की रात्री घाम येतो आणि पँट सैल झाली आहे. मणक्यावर बोटाने हलके ठोकले तर दचकून पुढे सरकला. त्याला मी शेक दिला नाही, डॉक्टरांकडे पाठवले, आणि निदान मणक्याच्या क्षयाचे निघाले. पाठदुखीबरोबर बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तो रुग्ण त्याच दिवशी शल्यविशारदांसमोर जायला हवा, नाहीतर कायमचे नुकसान होते. पेसमेकर बसवलेल्याला किंवा उपचाराच्या जागी धातूची सळई असलेल्याला डायाथर्मीचा, म्हणजे विद्युत लहरींनी खोलवर दिला जाणारा, शेक देता येत नाही. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्याला गरम पिशवी दिली, तर भाजल्याचेही त्याला कळत नाही. हे सगळे प्रश्न विचारून, अंगाला हात लावून, माणसाला चार पावले चालवून समजते. पहिल्या भेटीला पाऊण तास लागतो. तो द्यायचा नसेल, तर यंत्र सुरू करण्याआधी नेमके काय वगळायचे हे आपल्या वैद्यकीय समितीने सही करून सांगावे.

आता पॅकेज. दहा हा आकडा कुठून आला, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर बोटांच्या शिरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, तुटलेले किती कामगार मी पाहिले याची मोजदाद नाही. शस्त्रक्रियेने जोडलेली स्नायूची दोरी पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सर्वांत नाजूक असते. त्या वेळी जास्त हलवले तर ती तुटते, आणि अजिबात हलवले नाही तर आजूबाजूला चिकटून बसते. साधारण सहा आठवडे स्प्लिंट (हात एका स्थितीत धरणारी आधारपट्टी) आणि मोजून-मापून हालचाल, आणि बारा आठवडे झाल्याशिवाय जड पकड नाही, असा हा प्रवास असतो. या कामगाराच्या दहा सिटिंग संपतील, तेव्हा तो अगदी मधोमध असेल. मधुमेही माणसाचा गोठलेला खांदा सुटायला वर्ष-दीड वर्षही लागते, आणि तिथे रोज येण्याची गरज नसते. महिन्यातून दोनदा येऊन प्रगती दाखवणे आणि घरी नेमाने व्यायाम करणे पुरते. उलट साध्या कंबरदुखीच्या कित्येक रुग्णांना नीट तपासून, भीती घालवून, चार व्यायाम शिकवून दोन भेटींत मोकळे करता येते. त्यांच्या गळ्यात दहा सिटिंग बांधणे म्हणजे गरज नसलेल्या गोष्टीचे पैसे घेणे आहे. धर्मादाय पाटी लावलेल्या इमारतीत ते होऊ नये.

यंत्रांविषयीही एक गोष्ट सांगते, कारण नव्या यादीत आणखी दोन यंत्रे घेण्याचा विचार असल्याचे कानावर आले. आरोग्यसेवेचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनमधील नाइस (NICE) या संस्थेने कंबरदुखीसाठी २०१६ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत अल्ट्रासाउंड लहरींचा उपचार, टेन्स व इंटरफरेन्शियल हे करंटचे प्रकार आणि कंबर ओढून ताणणारे ट्रॅक्शन देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. व्यायाम, विशेषतः गटाने करायचा व्यायाम, सुचवला आहे. आपल्या प्रस्तावात नेमके याच्या उलट चालले आहे. गटाने व्यायाम करण्याचा हॉल जातो आणि यंत्रे वाढतात. यंत्रांशी माझे वैर नाही. हाताच्या संधिवाताला मेणाचा शेक दिल्यावर ज्या सहजतेने बोटे वळतात, ती मी पाहिली आहे. परंतु शेक हा व्यायामाची वाट सुकर करतो, त्याची जागा घेत नाही.

इतक्या वर्षांच्या कामाने माझ्या हाती काय आले, असे कोणी विचारले तर मी तंत्र सांगणार नाही, एक प्रश्न सांगेन. पहिल्या दिवशी रुग्णाला मी "कुठे दुखते" हे विचारतेच, पण त्याबरोबर "तुम्हाला काय करता यायला हवे आहे" हेही विचारते. उत्तरे ऐकण्यासारखी असतात. गुडघा बदललेल्या एक आजी म्हणाल्या, मला देवासमोर पाटावर बसायचे आहे. त्यांना गुडघ्याची मर्यादा सांगून, पाटाऐवजी उंच चौरंग आणि त्याहून थोडा उंच स्टूल अशी तडजोड आम्ही काढली. घोटा मोडलेल्या एका तरुणाला सकाळच्या गर्दीत लोकल पकडायची होती, म्हणून फलाट आणि डबा यांच्यातल्या उंचीइतका ठोकळा करून त्याच्यावर एका पायाने चढण्याचा सराव घेतला. ठाण्यात लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती अजून पुष्कळ आहेत, त्यामुळे "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी" हे वाक्य मी आयुष्यात सर्वाधिक वेळा उच्चारले असेल. दुखणे शून्यावर आल्यावर मग हालचाल सुरू करू, असे म्हणणारा माणूस अंथरुणालाच खिळतो. थोडे दुखत असतानाच काय करायचे आणि कोणत्या दुखण्याला थांबायचे, यातला फरक त्याला शिकवावा लागतो. ही शिकवणी वीस मिनिटांच्या घंटेवर आणि दहाच्या आकड्यावर चालत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुलांच्या वर्गाबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याची बाजू मांडायला मुले स्वतः येऊ शकत नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेली मुले सकाळी नऊ ते दहा या वेळात हॉलमधल्या गाद्यांवर असतात. जन्माच्या आसपास मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढते. हाड लांब होते, ताठ स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, आणि लक्ष दिले नाही तर टाच उचलली जाते, मांडीचे हाड खुब्यातून सरकू लागते. म्हणून या मुलांना वर्षानुवर्षे पाहावे लागते. एका महिन्यात "बरे करून" पाठवण्याजोगा हा आजार नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यांच्या नादी लागून कर्जात बुडालेली कुटुंबे मी पाहिली आहेत. वर्गात आम्ही आयांना शिकवतो. मूल कडेवर कसे घ्यायचे, जेवताना कसे बसवायचे, कपडे घालताना ताठ पाय आधी कसा वाकवायचा, हे त्या शिकल्या की दिवसभरातल्या प्रत्येक उचलण्या-ठेवण्यातून उपचार होतो. आणि त्या एकमेकींशी बोलतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र कसे काढायचे, कोणती शाळा प्रवेश देते, सासरच्यांना काय उत्तर द्यायचे, ही माहिती लोकमान्यनगरची आई वर्तकनगरच्या आईला देते. या वर्गातून रुग्णालयाला उत्पन्न मिळत नाही, हे खरे आहे. त्याला लागणारा खर्च म्हणजे गाद्या, दिवे, पंखे आणि एक तास, एवढाच आहे.

घरी जाऊन उपचार देण्याची सेवा बंद झाली, तर कोणाची अडचण होईल हे सांगायला नको. खुब्याचे हाड मोडलेली, चौथ्या मजल्यावर राहणारी म्हातारी माणसे खाली उतरूच शकत नाहीत. म्हातारपणी आठ-दहा दिवस अंथरुणावर काढले तरी मांड्या डोळ्यांना दिसण्याइतक्या बारीक होतात. मग शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), छातीचा संसर्ग हे ओघाने येते आणि तोच रुग्ण आपल्याच वॉर्डात पुन्हा दाखल होतो.

भरतीच्या जाहिरातीबद्दल थोडक्यात. सध्याच्या दोन रिक्त जागांसाठी आपण "फिजिओ टेक्निशियन, अनुभव असल्यास पदवीची अट नाही" असे छापले आहे. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी २००२ चा ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचा कायदा आहे, आणि केंद्राच्या २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी किमान पदवी हवी असे म्हटले आहे. आजवर आपल्या राज्यातली मुले साडेचार वर्षे खर्चून ही पदवी घेत आली आहेत. स्वस्तात माणूस मिळतो म्हणून ती अट काढणे रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचे आहेच, उद्या काही विपरीत घडले तर मंडळाच्याही अंगाशी येईल.

पैशाचा प्रश्न मी टाळणार नाही. रुग्णालय चालवायला पैसा लागतो, आणि क्रेप बँडेजपासून मेणापर्यंत प्रत्येक वस्तूच्या मागणीपत्रावर सही करण्यात माझीही वर्षे गेली आहेत. तपासणी केंद्राचे भाडे हे नक्की उत्पन्न आहे, आणि फिजिओथेरपीचे बिल लहान असते, हे मला मान्य आहे. परंतु आपल्याकडे गुडघा बदलायला येणारा रुग्ण शस्त्रक्रिया कशी झाली हे टाके पाहून ठरवत नाही. तीन महिन्यांनी आपण कसे चालतो, यावर तो शेजाऱ्याला सांगतो. शिवाय आपण सार्वजनिक न्यास आहात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१कक आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आपल्यावर आहे, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम त्यांच्या निधीत जाते. ही तरतूद खाटेसंबंधी आहे हे मी जाणते. पण मोफत खाटेवर मांडीच्या हाडात सळई बसवून घेतलेल्या हमालाला डिस्चार्जनंतर चालायला शिकवण्याची सोयच आपण काढून घेतली, तर त्या खाटेवर झालेल्या खर्चातून त्याला काय मिळाले?

तपासणी केंद्राला माझा विरोध नाही. रक्त देणारा किंवा सोनोग्राफीला येणारा माणूस एकदा येतो आणि बहुधा स्वतःच्या पायांनी येतो. त्याला दुसऱ्या मजल्यावर बोलावता येईल. रोज येणाऱ्या, आणि चालता येत नाही म्हणूनच येणाऱ्या माणसाला वर चढवायचे आणि चालत्या माणसाला खाली ठेवायचे, ही योजना कागदावर भाड्याचा दर पाहून झाली असावी, दाराशी उभे राहून झालेली दिसत नाही. एखादे अवजड यंत्र तळमजल्यावरच लागत असेल, तर मागच्या बाजूचे भांडार रिकामे करता येईल. तिथे सध्या काय ठेवले आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्यातले बरेचसे निर्लेखित करण्याजोगे आहे.

म्हणून माझ्या, आणि या पत्रासोबत वेगळ्या कागदावर सह्या देणाऱ्या रुग्ण व नातेवाइकांच्या मागण्या अशा आहेत.

१. विभाग तळमजल्यावरून हलवण्याचा निर्णय स्थगित करावा, आणि व्यायामाचा हॉल, पॅरलल बार व सरावाचा जिना आहे तिथेच राहू द्यावा.

२. पहिल्या भेटीला किमान पाऊण तास राखून ठेवावा. पुढच्या भेटी किती आणि किती वेळाच्या, हे तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टने ठरवावे. दहा सिटिंगच्या पॅकेजची सक्ती मागे घ्यावी.

३. मुलांचा वर्ग चालू ठेवावा. त्याच्या खर्चासाठी देणगीदार मिळवून देण्याची जबाबदारी मी आणि माजी कर्मचारी घेऊ. तसे लिहून द्यायलाही आम्ही तयार आहोत.

४. घरपोच सेवा निदान खुबा मोडलेल्या आणि पक्षाघाताच्या रुग्णांपुरती, डिस्चार्जनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांसाठी सुरू ठेवावी.

५. भरतीची जाहिरात रद्द करून पदवीधर आणि नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट नेमावेत.

६. भाडेकराराचा प्रस्ताव, त्यातील रक्कम आणि विभागाचा मागील वर्षांचा जमाखर्च मंडळाने रुग्णांसमोर ठेवावा, म्हणजे तोटा किती आहे आणि तो कसा भरून काढता येईल यावर अंदाजाऐवजी आकड्यांवर बोलता येईल.

अंतिम निर्णय घेण्याआधी आपल्यापैकी कोणीही दोन विश्वस्तांनी एक दिवस सकाळी हॉलमध्ये येऊन बसावे, अशी विनंती आहे. आपला उपचारांशी संबंध नसला तरी चालेल, कडेला दोन खुर्च्या ठेवते. पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः न देता त्याच सूचनाफलकावर लावावे, कारण ते वाचायला थांबलेली माणसे माझ्यापेक्षा जास्त अडचणीत आहेत. चर्चेसाठी बोलावल्यास मी रविवार सोडून कोणत्याही दिवशी दहानंतर येऊ शकेन. नऊ ते दहा मुलांचा वर्ग असतो.

आपली नम्र,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट
नौपाडा, ठाणे